आईचा अर्धा तास

शिक्षकांच्या शिबिरात आरोग्यावर बोलायला डॉक्टर आले, की व्याख्यानाचा शेवट बहुधा ठरलेला असतो : रोज किमान अर्धा तास चाला. मग प्रश्नोत्तरे सुरू होतात. कुणी विचारते, सकाळी चालावे की संध्याकाळी? कुणी विचारते, आधी चहा घेतला तर चालेल का? आणि मागच्या रांगेतल्या एखाद्या बाई उठून म्हणतात, "सर, मी पहाटे पाचला उठते. स्वयंपाक, डबे, मुलांच्या आंघोळी उरकून सातची गाडी धरते. संध्याकाळी घरी पोचले की पुन्हा चूल आहेच. तो अर्धा तास मी कुठून आणू? आणि घरात एवढे राबते, ते व्यायामात धरत नाहीत का?" सभागृहात हशा पिकतो. डॉक्टरही हसतात आणि चहाची वेळ होते.

या बाईंनी खरे तर दोन प्रश्न विचारलेले असतात. पहिला वेळेचा आहे, दुसरा शरीराचा. दोन्ही प्रश्न नेमके आहेत आणि दोन्हींची उत्तरे शोधायला विज्ञानाने फार उशीर लावला. तो का लागला आणि आता उत्तरे कुठवर आली आहेत, हे पाहण्यासाठी थोडे मागे जाऊ. पण त्याआधी नंदुरबार जिल्ह्यात एक चक्कर मारू. कारण हाच प्रश्न तिथे तीन वेगवेगळ्या रूपांत भेटतो.

नंदुरबार शहरात किंवा शहाद्यात राहणाऱ्या शिक्षिकेचे रूप आपण वर पाहिलेच. तिच्या घरी गॅस आहे, नळ आहे, पीठ गिरणीतून येते. शाळेत काही तास उभे राहणे आणि बाकी बसणे. दुसरी आई शहराबाहेरच्या मिरचीच्या पथारीवर दिसते. नंदुरबारची मिरची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. हंगामात मोकळ्या रानात लाल मिरचीचे गालिचे अंथरलेले असतात आणि त्यांच्या कडेला बाया ओळीने बसून देठ खुडत असतात. हात चालू, बाकी शरीर जागच्या जागी, नाकाला पदर बांधलेला. तिसरी आई तळोद्याहून चांदसैली घाट चढून गेले की धडगावच्या बाजूला भेटते. तिचे घर टेकडीच्या माथ्यावर आणि झरा खाली ओहळात. हंडा भरून ती चढ चढते, दिवसातून अनेकदा. ऊसतोडीच्या हंगामात यातलीच कितीतरी कुटुंबे कोयते घेऊन गुजरातेत उतरतात. यान ब्रेमन या डच अभ्यासकाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस बारडोलीच्या साखर कारखान्यांकडे येणाऱ्या 'खानदेशी' मजुरांवर सविस्तर लिहिले आहे. मजुरांच्या हिशोबात एकक माणूस नसून 'कोयता' होता. एक कोयता म्हणजे नवरा, बायको आणि बहुधा हाताशी एक मूल.

"रोज अर्धा तास चाला" हा सल्ला या तिघींना सारखाच लागू पडेल काय? तिसरीला तो ऐकवण्याचे धाडस कुणी करणार नाही. पण मग दुसरीचे काय? ती दिवसभर दमते, मात्र हलत नाही.

डबलडेकरचा जिना

व्यायाम आणि हृद्रोग यांचा संबंध आकड्यांनी दाखवणारा पहिला मोठा अभ्यास लंडनच्या बसमध्ये झाला. जेरी मॉरिस या डॉक्टरांना प्रश्न पडला होता, की दुसऱ्या महायुद्धानंतर हृदयविकाराचे झटके एवढे का वाढले? त्यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतील सुमारे ३१ हजार कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुंबईची जुनी डबलडेकर ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा अभ्यास चटकन कळेल. (बेस्टने १९३७ साली आणलेल्या त्या गाड्यांपैकी शेवटच्या डिझेल डबलडेकर २०२३ साली रस्त्यावरून गेल्या.) चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिन्यावर वरखाली. एका पाळीत वाहक ५०० ते ७५० पायऱ्या चढत असे. दोघे एकाच वर्गातले, एकाच गाडीवरचे, जवळपास सारख्याच पगाराचे. तरी वाहकांना हृदयविकार कमी होत होता, झाला तरी उशिरा आणि सौम्य होत होता.

शंका लगेच आली. कदाचित मुळात जाड माणसेच चालक होत असतील! मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी मग गणवेशाच्या नोंदी काढल्या आणि पँटच्या कमरेची मापे तपासली. चालकांच्या कमरा खरोखरच मोठ्या निघाल्या, त्याही नोकरीच्या सुरुवातीपासून. तेव्हा जिन्याचे श्रेय थोडे कमी करावे लागले, पण ते पुसले गेले नाही. विज्ञानात एखादी गोष्ट कशी सिद्ध होते, हे मुलांना सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण. शिंप्याचे माप इथे पुरावा म्हणून उभे राहते.

पण या गोष्टीत एक मोकळी जागा आहे. त्या काळात लंडनच्या बसमध्ये स्त्रिया वाहकाचे काम करत होत्या. युद्धकाळात तर त्या मोठ्या संख्येने होत्या. त्याच जिन्यावर त्याही चढत-उतरत होत्या. अभ्यास मात्र पुरुषांचा झाला. नंतर अमेरिकेत राल्फ पॅफेनबर्गर यांनी सॅन फ्रान्सिस्कोचे गोदी कामगार आणि हार्वर्डचे माजी विद्यार्थी यांचा प्रसिद्ध अभ्यास केला. तेही पुरुषच. हृदयविकार हा कमावत्या पुरुषाचा आजार, अशी समजूत होती आणि संशोधनाचा पैसा त्या समजुतीमागे गेला. स्त्रियांचा मोठा अभ्यास १९७६ साली अमेरिकेतील सुमारे १ लाख २१ हजार परिचारिकांना घेऊन सुरू झाला. झपझप चालण्याने स्त्रियांच्या हृदयालाही तेवढाच लाभ होतो, आठवड्याला तीन तास चालणाऱ्या स्त्रियांत धोका ३० ते ४० टक्क्यांनी कमी दिसतो, हे त्यातून प्रसिद्ध व्हायला १९९९ साल उजाडले. डबलडेकरच्या जिन्यापासून इथवर ४६ वर्षे लागली.

श्रीनगरच्या नावाड्यांच्या बायका

स्त्रीच्या हालचालीचा प्रश्न त्याआधी कुणाला पडलाच नव्हता असे मात्र नाही. तो पडला होता बाळंतपणाच्या खोलीत. कॅथलीन व्हॉन या इंग्रज डॉक्टर श्रीनगरच्या जनाना रुग्णालयात काम करत होत्या. अडलेल्या बाळंतिणी त्यांच्याकडे येत. त्यातल्या पुष्कळ जणी पडद्यात, अंधाऱ्या घरांत वाढलेल्या असत. त्यांची हाडे मऊ पडून कटीर आकसलेले असे आणि मूल बाहेर येण्याची वाटच अरुंद झालेली असे. याउलट नदीवर होड्यांत राहणाऱ्या, वल्ही मारणाऱ्या गरीब नावाड्यांच्या बायका सहज बाळंत होत. व्हॉनबाईंनी १९२८ साली पडदापद्धतीचा मातृत्वावर होणारा परिणाम या विषयावर पुस्तकच लिहिले. पुढे इंग्लंडमध्ये त्यांनी गर्भवतींसाठी व्यायामाचा पुरस्कार केला.

नावाड्यांच्या बायकांना कशाने तारले? त्यांना ऊन मिळत होते आणि हालचालही होती. या दोन गोष्टी तिथे इतक्या एकत्र गुंतल्या होत्या, की केवळ पाहून कुणाचे श्रेय किती ते सांगता येणार नाही. हाडे मऊ पडण्याचे मूळ 'ड' जीवनसत्त्वाच्या अभावात असते आणि ते जीवनसत्त्व त्वचेत उन्हामुळे तयार होते, हे आज आपण जाणतो. म्हणजे मोठा वाटा उन्हाचा. मॉरिस यांच्या कमरेच्या मापांसारखीच ही अडचण. तरीही व्हॉनबाईंचे मोल कमी होत नाही. आईचे शरीर कसे वापरले जाते यावर तिचे आणि मुलाचे प्राण अवलंबून आहेत, हे त्यांनी आजाराच्या नोंदींतून मांडले. तेही पुरुषांच्या हृदयाची चर्चा सुरू होण्याच्या पाव शतक आधी.

याच काळात आपल्याकडे साताऱ्याजवळच्या औंध संस्थानात एक वेगळा प्रयोग चालू होता. संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराला घराघरांतला आणि शाळांतला व्यायाम बनवण्याचे व्रतच घेतले होते. संस्थानच्या शाळांत नमस्कार सक्तीचे झाले. लंडनमध्ये १९३८ साली त्यांचे 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे पुस्तक निघाले. त्यांच्या प्रचारात स्त्रियांना वगळलेले नव्हते, हे लक्षात घ्यायला हवे. तालमीची लाल माती बायकांसाठी नव्हती. आखाडा, उस्ताद, लंगोट, खुराक ही सगळी पुरुषांची दुनिया. नमस्काराला मात्र सतरंजीएवढी जागा पुरते, साधन लागत नाही, घराबाहेर पडावे लागत नाही आणि पाच-दहा मिनिटांतही काही तरी पदरात पडते. गृहिणीच्या अडचणी ओळखून केलेला व्यायाम म्हणून त्याकडे पाहिले तर त्याची हुशारी दिसते. फक्त एक गोष्ट मनात येतेच. राजवाड्यात पाणी भरायला आणि दळायला माणसे होती. ज्या घरात ती नव्हती, तिथल्या बाईने नमस्कार आधी घालावेत की दळण आधी उरकावे, हा प्रश्न औंधच्या पुस्तकाच्या कक्षेबाहेरचा होता.

हंड्याचा हिशोब

आता त्या बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. राबणे व्यायामात धरावे की नाही?

धडगावच्या आईचा हिशोब आठवी-नववीच्या मुलांनाही करता येईल. समजा तिचे वजन ४५ किलो. हंड्यात १५ लिटर पाणी, म्हणजे १५ किलो. हंडा २ किलो. एकूण ६२ किलो. झऱ्यापासून घर ६० मीटर उंच आहे असे धरू, म्हणजे सुमारे वीस मजली इमारत. कार्य म्हणजे वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची : ६२ × ९.८ × ६०, सुमारे ३६ हजार ज्यूल, म्हणजे जेमतेम ९ किलोकॅलरी. एवढेच? नाही. स्नायू हे काही फार काटकसरी यंत्र नव्हे. अन्नातल्या ऊर्जेपैकी पाचवा किंवा फार तर चौथा हिस्सा कामात उतरतो, बाकीची उष्णता होते. म्हणजे एका चढाला ३५ ते ४५ किलोकॅलरी. अशा पाच खेपा केल्या की ज्वारीची एक बेताची भाकरी संपली. खाली उतरणे, सरपण, लेकराला कडेवर घेणे यांचा हिशोब अजून केलेलाच नाही.

डोक्यावर ओझे वाहण्यात काही युक्ती आहे का, असे मुले विचारतील. आहे. 'नेचर' या नियतकालिकात १९८६ साली पूर्व आफ्रिकेतील लुओ आणि किकुयू स्त्रियांवरचा एक अभ्यास आला. सपाटीवर चालताना स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंतचे ओझे त्या डोक्यावरून जवळजवळ फुकटात नेतात, म्हणजे त्यासाठी जास्त प्राणवायू लागत नाही, असे त्यात दिसले. चालताना शरीर लंबकासारखे झुलते. त्या झोक्यातील ऊर्जा या स्त्रिया इतरांपेक्षा कमी वाया घालवतात, हे पुढच्या अभ्यासात कळले. हे लहानपणापासूनच्या सरावाने येते. पण आपल्या उदाहरणातले ओझे वजनाच्या ३८ टक्के आहे आणि रस्ता चढाचा आहे. गुरुत्वाकर्षण कुणालाच सवलत देत नाही.

म्हणजे ही आई भरपूर व्यायाम करते, असे म्हणायचे का? इथे जरा थांबायला हवे. कोपनहेगनमधील लाखाहून अधिक स्त्री-पुरुषांच्या पाहणीचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. फावल्या वेळात जास्त हालचाल करणाऱ्यांचे आयुष्य अधिक दिसले, पण कामावर जास्त शारीरिक कष्ट करणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण उलट वाढलेले दिसले. शरीर तेच, स्नायू तेच आणि परिणाम उलटा! यावर तज्ज्ञांत वाद आहे. कष्टकरी माणसाची गरिबी, राहणीमान, तंबाखू यांचा परिणाम हिशोबातून पूर्ण वजा करता येतो का, अशी शंका घेतली जाते आणि ती रास्त आहे. पण शरीरशास्त्राच्या अंगानेही एक स्पष्टीकरण दिले जाते. व्यायामात हृदयाचे ठोके थोडा वेळ चांगले वाढतात आणि नंतर विश्रांती मिळते. त्या विश्रांतीतच स्नायू आणि हृदय सुधारतात. कष्टाच्या कामात ठोके आणि रक्तदाब तासन्‌तास थोडे चढलेले राहतात, ओझ्याचा ताण ठरावीक सांध्यांवर पडत राहतो आणि थांबायचे केव्हा ते काम ठरवते, काम करणारा नाही.

पथारीवरच्या बाईकडे या नजरेने पाहा. दिवस संपताना तिचे अंग मोडून आलेले असते, पण तिच्या हृदयाला व्यायाम मिळालेला नसतो. दमणे आणि व्यायाम घडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या मते आपल्या आरोग्यशिक्षणाच्या धड्यांत सगळ्यांत जास्त गफलत इथेच होते.

तिसऱ्या आईच्या बाबतीत तर उपदेशाची दिशाच बदलावी लागते. श्रीलता बाटलीवाला यांनी १९८२ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये एक लेख लिहिला होता. कर्नाटकातील एका खेड्यात माणसांच्या श्रमाचे तास मोजलेले होते. त्यात स्त्रियांचा वाटा ५३ टक्के, पुरुषांचा ३१ टक्के आणि मुलांचा १६ टक्के निघाला. बाटलीवालांचे म्हणणे असे, की कुपोषणावर बोलताना आपण फक्त पोटात किती गेले ते पाहतो, शरीरातून किती खर्च झाले ते पाहत नाही. पाणी आणि सरपण जवळ आणले तर तेवढी ऊर्जा बाईच्या अंगात शिल्लक राहील, म्हणजे एका अर्थी तिला जेवणच मिळेल. झऱ्याच्या पाण्याला नळी जोडून ते घरापर्यंत आणणे हा आरोग्याचा कार्यक्रम आहे, हे त्या लेखाने भाकरीच्या हिशोबात सांगितले.

याला जोडूनच रक्ताची गोष्ट येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन कमी म्हणजे स्नायूंपर्यंत प्राणवायू पोचवणाऱ्या गाड्याच कमी. मग तोच हंडा, तोच जिना जास्त जड होतो. श्रीलंकेतील चहाच्या मळ्यांतील स्त्रियांवरचा एक अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाला. लोहाच्या गोळ्या मिळालेल्या बायांनी जास्त पाने खुडली, आणि दिवसभरातली त्यांची एकूण हालचालही वाढली. ती वाढवा असे त्यांना कुणी सांगितलेले नव्हते. एखाद्या आईला 'आळशी' म्हणण्यापूर्वी तिचे हिमोग्लोबिन विचारावे.

वाचलेला वेळ कुठे गेला?

राहिला पहिला प्रश्न, वेळेचा. गिरणी आली, गॅस आला, नळ आला, मिक्सर आला. मग वेळ शिल्लक का राहिला नाही?

जाते आठवा. पहाटेच्या अंधारात दळायला बसणे हे घराघरांतल्या बायकांचे रोजचे काम होते. त्यात दंड, पाठ, पोट सगळे चालत असे आणि तोंडाने ओवी. गी पॉयतवां आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून या ओव्या जमवल्या. त्या संग्रहात लाखाहून जास्त ओव्या आहेत. जात्यावरचा वेळ कष्टाचा होता, पण त्या वेळात बाईला कुणी हाक मारत नव्हते. गिरणीने कष्ट नेले, हे उत्तमच झाले. जात्याबद्दल हळहळणारे बहुतेक जण कधी दळायला बसलेले नसतात. पण वाचलेला तास बाईच्या नावावर जमा झाला नाही.

हे फक्त आपल्याकडे घडले असेही नाही. रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली 'मोअर वर्क फॉर मदर' या पुस्तकात अमेरिकेतील घरकामाचा इतिहास मांडला. यंत्रांनी आधी वाचवले ते पुरुषांचे, मुलांचे आणि नोकरांचे काम : लाकूड फोडणे, धान्य दळून आणणे, पाणी भरणे, धोब्याकडे कपडे देणे. आईचे काम मात्र बदलत आणि वाढत गेले. कपडे रोज धुवायचे, जेवणात रोज नवे पदार्थ हवेत, घर चकचकीत हवे. धुण्याचे यंत्र आले आणि धुणे वाढले. आपल्या शिक्षिकेच्या दिवसात आता मुलांचा गृहपाठ, शिकवणीला पोचवणे आणि व्हॉट्सअॅपवर आलेली शाळेची माहिती भरणे यांची भर पडली आहे.

वेळ मोजायचे काम आपल्या देशात फार उशिरा सुरू झाले. देवकी जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६-७७ मध्ये राजस्थान आणि पश्चिम बंगालमधील सहा खेड्यांत कोण किती वेळ काय करते याच्या नोंदी केल्या. सरकारी पाहणीला त्यानंतर वीस वर्षे लागली. गंमत अशी, की नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला १ जुलै १९९८ रोजी आणि भारताची पहिली मोठी वेळ-वापर पाहणी सुरू झाली त्याच जुलै महिन्यात. सहा राज्ये निवडली होती. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण नंदुरबारच्या दोन बाजूंना असलेले गुजरात आणि मध्य प्रदेश होते. सुमारे १८ हजार ६०० घरांच्या नोंदींतून निघालेला आकडा असा : घरकाम आणि घरच्यांची देखभाल यात स्त्रीचे आठवड्याला सरासरी साडेचौतीस तास जातात, पुरुषाचे साडेतीन. देशभरची पाहणी २०१९ साली झाली आणि दुसरी २०२४ साली. २०१९ साली घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात रोज २९९ मिनिटे जात होती, तर घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. पाच वर्षांनी हे आकडे २८९ आणि ८८ झाले. स्त्रीची दहा मिनिटे वाचली, पण पुरुषाचीही नऊ कमी झाली. दोघांमधले अंतर २०२ मिनिटांवरून २०१ वर आले.

तेव्हा "अर्धा तास कुठून आणू" याचे उत्तर या आकड्यांत आहे. तो अर्धा तास घरात आहे. फक्त तो दुसऱ्याच्या नावावर आहे.

पाहणीतले आकडे बदलेपर्यंत त्या बाईंनी काय करायचे? इथे मात्र विज्ञानाने थोडी माघार घेतली आहे आणि ती त्यांच्या सोयीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम हालचाल सांगितली, पण अट घातली की ती सलग दहा मिनिटांच्या तुकड्यांत हवी. दहा सलग मिनिटे! तान्ह्या मुलाच्या आईला हे वाचून हसूच आले असेल. २०२० साली नवे मार्गदर्शन आले तेव्हा ती अट काढून टाकली. त्याखालच्या तुकड्यांचाही लाभ होतो, असा पुरावा जमला होता. गर्भवती आणि बाळंतिणी यांच्यासाठी स्वतंत्र शिफारसही त्यात पहिल्यांदाच आली. २०२२ साली ब्रिटनमध्ये सुमारे २५ हजार लोकांच्या मनगटावर हालचाल मोजणारी यंत्रे बांधून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. हे लोक वेगळा व्यायाम करत नव्हते. पण बस पकडायला धावणे, जिना भरभर चढणे अशी एक-दोन मिनिटांची धाप लागणारी हालचाल दिवसातून तीन वेळा घडणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी दिसले. निरोगी माणसेच भरभर जिना चढतात, ही मॉरिसकालीन शंका इथेही घ्यायला हवी. तरी दिशा कळते.

त्या बाईंना आता असे सांगता येईल : झाडणे, फरशी पुसणे, बाजाराची पिशवी घेऊन चालणे हे मध्यम हालचालीत धरायला हरकत नाही. बसल्यापेक्षा या वेळी शरीर साधारण तिप्पट ऊर्जा वापरते. उभ्याने पोळ्या लाटणे धरता येत नाही, तिथे ते प्रमाण जेमतेम दुप्पट असते. गाडीसाठी थांब्यापर्यंत झपझप चालत गेलात, शाळेचा जिना न थांबता चढलात, मुलांबरोबर चार नमस्कार घातलेत, तर ती मिनिटे बेरजेत जातात. कवायतीच्या तासाला शिट्टी हातात घेऊन कडेला उभे राहण्याऐवजी रांगेत उभे राहिलात तर तो तासही. आठवड्यातून दोनदा स्नायूंना जोर पडेल असे काही करायला सांगितले आहे. भिंतीला हात टेकून काढलेले जोरही चालतात.

वर्गात करून पाहण्यासारखा एक उपक्रम सुचवतो. प्रत्येक मुलाने घरातील दोन माणसांचा एका दिवसाचा तक्ता करायचा : एक बाई आणि एक पुरुष. अर्ध्या अर्ध्या तासाचे ४८ रकाने. एकाच वेळी दोन-तीन कामे चालू असतील, भाकरी थापताना बाळाला पायावर घेतलेले असेल, तर तीनही लिहायची. ज्या रकान्यात त्या माणसाला स्वतःच्या मनासारखे काही करता आले तो रंगवायचा. गणिताच्या तासाला सरासरी काढता येते, विज्ञानाच्या तासाला ऊर्जेचा हिशोब. तक्ता मात्र सकाळी सहापासून सुरू करू नका. सरकारी पाहणीत दिवस पहाटे ४ वाजता सुरू होतो आणि दुसऱ्या पहाटे ४ वाजता संपतो, तसाच ठेवा. पहिले चार-पाच रकाने बहुतेक मुलांना भरता येणार नाहीत, कारण तेव्हा ती झोपलेली असतात. ते रकाने घरी आईला विचारून भरून आणायला सांगा.